ताईचं पुस्तक

धाकट्या चिऊसाठी वाचन शिकवायच्या पुस्तकांचे तीन वेगवेगळे संच आणले होते. कोणता निवडावा, म्हणून मी ते जेवणाच्या टेबलावर मांडून बसले होते. आमची तिन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच, या टेबलाशी शिकतात. पलीकडे आठ वर्षांचा ओंकार चिऊला मीराताईचं जुनं पुस्तक वाचून दाखवत होता. माझं सहज लक्ष गेलं. त्याचं बोट पहिल्याच ओळीवर राहिलं होतं आणि तोंड तिसऱ्या ओळीवर पोचलं होतं. पान मात्र त्याने अगदी वेळेवर उलटलं.

चिऊ पाणी प्यायला उठली, तेव्हा मी एक नवं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. तो बराच वेळ चित्र बघत राहिला. मग म्हणाला, "आई, हे ताईनं नाही ना वाचलेलं."

मीराला मी शिकवायचे, तेव्हा हा टेबलाखाली गाड्या खेळायचा. तिचे धडे ऐकून ऐकून त्याला पाठ झाले. 'याला शिकवावंच लागलं नाही,' असं मी येईल त्याला कौतुकाने सांगत राहिले आणि त्याच्यासाठी कधी पुस्तक निवडलंच नाही. ते कौतुक ऐकत तो किती दिवस गप्प राहिला असेल.

मी तिन्ही संच त्याच्याकडे सरकवले. "यातला तुला कुठला हवा?"

त्याने एकालाही हात लावला नाही. स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाला, "चिऊला सांगू नकोस. तिला मीच वाचून दाखवतो ना."