पोपटीचं आवतण

पेणच्या डॉक्टरांनी माझ्या धडधडीची कागदी पट्टी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "मोबाईल किती बघता?"

"सगळे बघतात तेवढाच," मी म्हटलं. खोटं बोलले. लेक लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून घरात मी एकटी. पेणला शाळेच्या ऑफिसात नोकरी. संध्याकाळी गाडीने निडी स्टेशनला उतरून घरी आलं की देवापाशी दिवा लावायच्या आधी मोबाईल उघडायचे. कोणाचं नवं घर, कोणाची सहल, कोणाच्या सुनेचं डोहाळजेवण. बघून बघून जीव आंबून जायचा, तरी बोट थांबायचं नाही.

त्याच दिवशी मोबाईलमधून ते सगळं काढून टाकलं. त्या झटक्यात गावातल्या बायकांचा ग्रुपही सोडला. कोणाला काही बोलले नाही. सांगणार तरी काय, तुमची सुखं बघून माझी झोप उडते म्हणून?

झोप लागायला लागली, हे कबूल करते. धडधडही थांबली. पण फोन असा गप्प झाला की मधेच उचलून बघायचे, बंद तर पडला नाही ना. लेकीखेरीज कोणी फोन करेना. एकदा गॅसवाल्याचा आला, तर त्याच्याशी मी थंडीवर दहा मिनिटं बोलत बसले. बिचारा हो हो करत राहिला.

मग वालाला शेंगा धरल्या. आमच्याकडे शेंगा भरल्या की पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, तोंडाशी परत पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. आमच्या आळीत शेंगा एकीच्या, मडकं दुसरीचं आणि पाला माझा, असं वर्षानुवर्षं ठरलेलं. यंदा तर सगळ्यांनी बांधांवर तणनाशक मारलेलं, भांबुर्डा उरला तो माझ्याच परसात. मी मनात म्हटलं, जातील कुठे? पाल्यासाठी तरी दारात येतीलच. आल्या की आधी जरा आढेवेढे घ्यायचे आणि मग जायचं, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

एका शनिवारी कामावरून आले, परसात गेले, तर भांबुर्डा साफ. विळ्याने नीट कापून नेलेला. शेजारच्या वहिनीच्या शेतातून धूर येत होता आणि हसण्याचे आवाज.

मी मागच्या पायरीवर बसले आणि रडले. पन्नाशीची बाई रानपाल्यासाठी रडते, कोणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण पाला नेला आणि मला नेलं नाही, हे मला सोसेना.

शेवटी तोंड धुतलं आणि गेले. वहिनी मडक्यावर पाणी शिंपडून, ते चर्र करून उडतं का त्यावरून पोपटी झाली का बघत होती.

"अगो, आलीस! आमाला वाटलं, तू येत नाय."

"पाला नेलात, विचारलंत का?"

"इचारलं ना गो! चार दिवस ग्रुपवर हाय. आन तू तर ग्रुप सोडून गेलीस. आमाला वाटलं, रागावलीस. म्हणून दारात यायला कोणाचा पाय उचलंना."

मी त्यांची वाट बघत होते आणि त्या मला घाबरत होत्या. आमच्या दारांमधे वीस पावलांचं अंगण. मला हसूही आलं आणि पुन्हा रडूही.

मडकं फोडलं. वाफ आली, भांबुर्ड्याचा तो उग्र वास आला. वहिनीने मला आपल्याजवळ बसवलं, पहिली ओंजळ माझ्या पुढ्यात ओतली. मला फार बरं वाटलं. मग कोणीतरी फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांची डोकी एकदम खाली गेली. मी एकटीच शेंगा सोलत होते.

"वहिनी, पुढल्या वर्षी दारात येऊन सांगशील?" मी विचारलं.

"सांगीन गो, सांगीन," ती म्हणाली. मान काही वर केली नाही. मी सोललेले गरम दाणे तिच्या मोकळ्या हातावर ठेवले. ते तिने न बघताच तोंडात टाकले आणि हात पुन्हा पुढे केला.