आईची दुपारची झोप

माझी वहिनी नक्की काय काम करते, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. हॉस्पिटलात नोकरी, पण डॉक्टर नाही, नर्स नाही. शेजारणीनं विचारलं की आई सांगायची, "ती लोकांच्या मागं मागं फिरते." ऐकणारीचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

तसं आईचं फार चुकत नव्हतं. सकाळी डॉक्टर म्हणाले घरी जा, तरी पेशंट संध्याकाळपर्यंत बेडवर का अडकून पडतो, असलं काहीतरी शोधायचं तिचं काम. त्यासाठी ती एकेका कागदाच्या मागं अख्खा दिवस हिंडायची. वॉर्डातून बिलिंगला, बिलिंगहून औषधांच्या खिडकीवर, तिथून परत वॉर्डात. कुठं तो कागद ट्रेमध्ये पडून राहतो, कुठं साहेब जेवून यायची वाट बघतो, सगळं घड्याळ लावून टिपायचं, आणि मग सॉफ्टवेअर असं बसवायचं की कागदाला हिंडावंच लागू नये. वॉर्डबॉय तिला मागून 'घड्याळवाली' म्हणायचे. तिला ते माहीत होतं. हसायची नुसती.

घरीही तेच. लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात चहाचा डबा गॅसजवळ आणून ठेवला. का, तर आईला दर चहाला ओट्याच्या या टोकापासून त्या टोकाला जावं लागतं. आईनं डबा उचलून परत जागेवर ठेवला. हिनं परत हलवला. बरेच दिवस हे असं चाललं, दोघी एक शब्द बोलायच्या नाहीत. शेवटी आई म्हणाली, "तुझं बरोबर आहे गं, पण माझे पाय ऐकत नाहीत." मग चहाचे दोन डबे झाले. मी शिवणकाम करते, दहा घरच्या बायका माझ्या दुकानात येऊन सासूसुनांची गाऱ्हाणी सांगतात. पण सासूसुनेचं एवढं गूळपीठ मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मग तिनं ते अलार्मचं काम हातात घेतलं.

पूर्वी रक्ताचा रिपोर्ट धोक्याचा आला की लॅबवाले वॉर्डात फोन करायचे. फोन लागायचा नाही. लागला तर उचलायला कुणी नाही. उचलला तर निरोप मधल्यामधे गळायचा. वहिनीनं प्रत्येक बेडशेजारी छोटा स्क्रीन लावून घेतला. रिपोर्ट वाईट आला की स्क्रीन वाजणार आणि 'पाहिलं' हे बटण दाबेपर्यंत वाजत राहणार. बटण दाबलं की त्या बेडच्या नर्सचं नाव आपोआप नोंदलं जाणार. अलार्म किती लवकर पाहिले जातात त्याचे आकडे असे काही सुधारले की मोठ्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून कौतुक केलं. हेच आता बाकीच्या शाखांमध्ये लावायचं ठरलं.

आम्ही घरी तिची टर उडवली, आता वहिनीबाई जमिनीवर कसल्या चालतायत म्हणून. ती मात्र ताटात बोटं फिरवत बसली होती. म्हणाली, "आकडे जरा जास्तच चांगले आलेत. इतकं चांगलं काही होत नसतं." शिवाय जो तो डॉक्टर येऊन सांगायचा, माझी एवढी एक गोष्ट अलार्ममध्ये घाला, आणि हिला कुणालाच नाही म्हणता आलं नव्हतं. त्यामुळे ते स्क्रीन दिवसभर कशासाठी ना कशासाठी पिरपिरत असायचे. दादा म्हणाला, "हिला सुख बोचतं." विषय तिथंच संपला.

त्यानंतर आईच्या किडन्यांनी दगा दिला. वहिनीच्याच हॉस्पिटलात तिला ठेवलं. पाय सुजलेले, आणि डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसा वॉर्डाचा गोंगाट, रात्री धाप. "मला नुसतं झोपू दे गं कुणीतरी," एवढंच म्हणायची. वहिनी जेवणाच्या सुट्टीत तिच्यापाशी येऊन बसायची, तेवढ्यात मी घरी जाऊन आंघोळ करून यायची.

अशाच एका दिवशी मला परत यायला संध्याकाळ झाली, बघते तर आईचा बेड रिकामा. तिचं हृदय थांबलं होतं. छाती दाबून परत सुरू केलं आणि आयसीयूत नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं, तसा रिपोर्ट दुपारीच आला होता. वेळेवर औषध गेलं असतं तर ही वेळ आली नसती. दादानं विचारलं, मग औषध का नाही गेलं? त्यांनी स्क्रीन दाखवला. दुपारीच 'पाहिलं' दाबलेलं होतं, खाली नर्सचं नाव.

ती नर्स कोवळी पोर होती. "मी रिपोर्ट पाहिला नाही," एवढंच घोकत राहिली. मी तिला पॅसेजमध्ये नको नको ते बोलले. दादानं लेखी तक्रार केली, तिला घरी बसवलं, चौकशी लागली. आई वाचली, पण बोलताना शब्द हरवायला लागले, माणसांची सरमिसळ व्हायला लागली. वहिनीचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. मला वाटलं, सासूच्या काळजीनं.

चौकशीच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. मी कापड बेतत होते. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वन्सं, ते बटण मी दाबलं."

मला आधी कळलंच नाही. तिनं सांगितलं. त्या दुपारी आईला एकदाची झोप लागली होती. नर्स समोरच्या बेडवर, एका पेशंटच्या हातातली सलाईनची सुई निघाली होती आणि ती दोन्ही हातांनी रक्त दाबून धरून उभी होती. तेवढ्यात आईचा स्क्रीन वाजायला लागला. नर्स मान वळवून म्हणाली, "मॅडम, तेवढं बंद करता का?" आईच्या पापण्या हलल्या. वहिनीला वाटलं, सकाळपासून वाजतंय तसलंच काहीतरी असेल. तिनं हात लांबवून दाबलं. रिपोर्ट उघडलाच नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तू केलेलं यंत्र आणि तूच वाचलं नाहीस? माझ्या आईच्या जिवावर उठलीस तू. ऊठ आणि चालती हो इथून," मी म्हटलं.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "उद्या मी हे तिथं सांगणार आहे. ते तुम्ही बाहेरून ऐकायला नको होतं."

संध्याकाळी तिनं दादालाही सांगितलं. तो म्हणाला, "मग मी तक्रार कुणाविरुद्ध केलीय? बायकोविरुद्ध?" थोड्या वेळानं त्याचा सूर बदलला. आई वाचली ना, आता कशाला उकरून काढायचं. स्क्रीनकडं बघणं नर्सचं काम होतं. तिला काय, दुसरीकडे नोकरी लागेल. आणि तू तोंड उघडलंस तर तुला दारात कोण उभं करणार आहे?

वहिनी म्हणाली, "नाव तिचं लागलंय. बोट माझं होतं."

खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी दादाचंच पटत होतं. मला कुणाला तरी शिक्षा झालेली हवी होती, आणि ती घरातलीला नको होती.

चौकशीला आम्हा तिघांना बोलावलं होतं. नर्स भिंतीकडेच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. वहिनीनं सगळं सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. तेव्हा तिनं आणखी एक सांगितलं. ती ते सगळे जुने अलार्म पुन्हा तपासून आली होती. बटण दाबलंय, पण रिपोर्ट कुणी उघडलेलाच नाही, असे ढिगानं सापडले होते. सगळ्या वॉर्डांत, सगळ्यांच्या नावावर. "आपण मोजत होतो तो आवाज किती लवकर बंद होतो ते," ती म्हणाली. "कुणी वाचतंय की नाही, हे मी कधी मोजलंच नाही." साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

बाहेर आल्यावर नर्स तिच्याजवळ आली. वहिनीनं विचारलं, "तू माझं नाव का नाही घेतलंस?" ती म्हणाली, "कोणी खरं मानलं असतं, मॅडम?"

नर्स कामावर परत आली. बाकीच्या शाखांचं काम थांबवलं. वहिनीला काढलं नाही, पण अपॉइंटमेंटच्या काउंटरवर बसवलं. आता ती कुणाच्या मागं फिरत नाही. दादा तिच्याशी कामापुरतं बोलतो. मी तेवढंही बोलत नव्हते. एकाच घरात, एकाच ओट्याशी, आणि मी तिच्या हातून भांडंसुद्धा घेत नव्हते. आईला आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला सांगून कळणार तरी किती?

परवा मी आईचे केस विंचरत होते. वहिनी पलीकडे बसून तिच्या गोळ्या काढत होती. आईला हॉस्पिटलचं काहीच आठवत नाही, डॉक्टर नाहीत, आयसीयू नाही. पण मधेच म्हणाली, "तिथं एक दुपार मात्र काय सुरेख झोप लागली होती मला."

माझा हात थांबला.

"काहीतरी वाजत होतं कानाशी," आई म्हणाली. मग वहिनीकडं वळली. "तू बंद केलंस ना गं? बरं केलंस हो. माझ्या झोपेची कुणाला पडली नव्हती तिथं."

वहिनीनं मान वर केली नाही. "हो आई," म्हणाली. गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात चुरगळत होतं. ती रडत होती आणि आईला ते दिसत नव्हतं.

मी केसांचा गुंता सोडवत राहिले. माझा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण आईच्या डोक्यावरून मी म्हटलं, "वहिनी, पाणी आण, गोळी द्यायचीय."

ती उठली आणि पाणी आणायला गेली.