निषेधाला काक योह

थायलंडच्या दक्षिण टोकाला आमच्या बांगपाऊ गावात घरी मलायू बोलतात; थायी सगळ्यांनाच येते, पण माइक पुढे आला की ती घशात अडकते. काक योहची अडकत नाही. काक म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून मोठे म्हातारेसुद्धा तिला तसंच म्हणतात. तरुणपणी ती अकरा वर्षं हाट याई शहरातल्या एका कापडदुकानात होती. तिथल्या मालकिणीनं तिला अशी गोड थायी शिकवली, की फोनवर ऐकणाऱ्याला ही बाई मलायू मुसलमान आहे हे सांगूनही पटू नये. तेच तिला नडलं.

कुठं बॉम्ब फुटला, कुणा शिक्षकाला गोळी घातली, की दुसऱ्या दिवशी तालुका कचेरीची व्हॅन तिच्या दारात. अंगावर चढवायला पांढरा टी-शर्ट, हातात धरायला फलक आणि वाचायला छापील कागद: आम्ही मुस्लिम बांधव या कृत्याचा तीव्र निषेध करतो. काक वाचायची, आणि वाचता वाचता खरोखर रडायची. टीव्हीवर दिसायची. असं नऊ वेळा झालं.

चहाच्या टपरीवर आम्ही तिची टर उडवायचो. "काक, पुढच्या वेळी निळा रुमाल बांध. पडद्यावर उठून दिसतो."

"मेल्यांनो, तुमच्यातल्या एकाला तरी तोंड असतं, तर मला म्हातारीला कशाला नाचवलं असतं?"

एकदा रानात लपून सरकारशी लढणाऱ्या पोरांनी तिच्या दारात चिठ्ठी टाकली, सरकारचा कागद वाचणाऱ्याची जीभ छाटू म्हणून. काक नाश्त्याचा भात विकते. त्याच चिठ्ठीत तिनं माझ्यासाठी भात बांधला. बांधताना म्हणाली, "कागद चांगला जाड आहे."

नुई ही काकची मैत्रीण, कालव्यापलीकडची, बौद्ध. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. नुईच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर कापडात बांधलेली भांडी असायची. ती आमच्यासाठी, त्यांत डुकराचं कधी शिजलं नाही. तिच्याकडं लग्न असो की मयत, काक पहाटेच मागच्या दारानं शिरायची, भांडी सोडायची, वेगळी चूल मांडायची आणि आमची सगळी माणसं तिच्या हातचं जेवायची. नुईचा नवरा गेला तेव्हा तीन दिवस काक घरी आली नाही. पुढच्या अंगणात भिक्खूंचं पठण, मागच्या अंगणात हिचा नारळाच्या दुधातला रस्सा. नुईची लेक ऑय तेव्हा दहा वर्षांची होती. काकला ती पा म्हणायची, म्हणजे मावशी, आणि रात्री तिच्याच कुशीत झोपायची.

गेल्या मंगळवारी बाजारात मोटरसायकलीत ठेवलेला बॉम्ब फुटला. तिघं गेली. एक शिपाई, एक आमचाच मासळीवाला, आणि मिरच्या निवडत बसलेली नुई.

बुधवारी सकाळी काकनं सहा नारळ खवून दूध काढलं, झाकणाच्या बादलीत भरलं, आणि ती निघणार तेवढ्यात कचेरीतून फोन आला. ती म्हणाली, "आज नाही यायचं. आज माझ्या घरचं मयत आहे."

मग फोन मला आला, कारण मशीद कमिटीचा चिटणीस मी. आम्ही मशिदीच्या ओसरीवर बसलो. काकही बादली घेऊन पायरीवर येऊन बसली.

तोक इमाम, म्हणजे आमचे इमामआजोबा, तापले होते. "आपण काय केलंय म्हणून दर वेळी अंग झटकत फिरायचं? सरकारच्या गस्तीवाल्यांनी आपले चार मजूर चुकून मारले, तेव्हा त्यांच्या बाजूचं कोण फलक घेऊन आलं होतं?"

खरं होतं. पण माझ्या डोळ्यापुढं गावातली पोरं होती. मी म्हणालो, "काक, आज गप्प राहिलो तर म्हणतील, सामील आहेत. उद्या पहाटे घरं तपासतील, दोघातिघांना उचलतील. अर्ध्या तासाचं तर काम आहे. वाच, आणि तिथून सरळ नुईकडं जा."

"माझ्याऐवजी तू वाचतोस?"

"माझी थायी..."

"तुझी थायी चांगली आहे. छाती नाही."

मी चपलांकडं बघत बसलो. तिनं बादली उचलली आणि व्हॅनमध्ये चढली. मला अजून वाटतं, तेव्हा मी नुसतं 'बरं, मी वाचतो' म्हटलं असतं तर! पण मी म्हटलं नाही. मीही मागं चढलो.

कचेरीपुढं तिनं कागद वाचला. या वेळी रडली नाही, घाईघाईनं वाचून मोकळी झाली. तेवढ्यात साहेबांनी जाहीर केलं की आता सगळे मिळून मृतांच्या घरी सांत्वनाला जाऊ. चाळीस माणसं, चार गाड्या, पुढं कॅमेरावाले. काकला टी-शर्ट काढायलाही कुणी उसंत दिली नाही.

अशी ती नुईच्या घरी पुढच्या दारानं गेली.

दारात ऑय उभी होती, आता पोराबाळांची आई झालेली. तिनं साहेबांना हात जोडले, मग काकला. पहिल्या ओळीत खुर्च्यांना साटीनचे अभ्रे घातले होते. त्यातली एक तिनं काकपुढं केली. काक बादली घेऊन मागच्या अंगणाकडं वळली.

"पा, इथं बसा ना."

"बसायला आले का गं मी? चूल मांडते."

"चूल नाही मांडली या वेळी. तुम्ही साहेबांबरोबर याल हे धरूनच चाललो होतो. तुमच्या लोकांसाठी डबे मागवलेत, हलालचा शिक्का असलेले."

"मी म्हटलं होतं का गं, साहेबांबरोबर येईन म्हणून?"

"नेहमी असताच ना तुम्ही, टीव्हीवर."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काक तिच्यावर खेकसली असती, मग गळ्यात पडली असती. पोरगी अगदी सरळ मनानं बोलली.

काकचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याबरोबर कॅमेऱ्याचा दिवा तिच्यावर फिरला. तिनं तो पाहिला आणि रडू गिळलं. अनोळखी माणसांसाठी ढसाढसा रडलेली बाई नुईच्या शवपेटीपुढं कोरड्या डोळ्यांनी खुर्चीत बसली.

डबे आले. पांढऱ्या फोमचे, वर हिरवा शिक्का. मी मागून कुजबुजलो, "काक, खायचं नसेल तर राहू दे."

"आणि उद्या दाखवतील, मुसलमान बाईनं बौद्धाच्या घरी घास घेतला नाही म्हणून?"

तिनं झाकण उघडलं. गार भात, गार कोंबडी. एकेक घास चावून ती गिळत राहिली, दिव्याच्या उजेडात, मान खाली न घालता. शीतही उरू दिलं नाही.

ऑय आली, रिकामा डबा उचलला, पाण्याची बाटली दिली. मग साहेबांना म्हणाली तेच तिलाही म्हणाली, "वेळ काढून आलात, आभारी आहोत."