काचेवरचं बोट

लोणावळ्याच्या बाजारात इकबाल शिकलगारचं फ्रेमचं दुकान आणि माझं पिको-फॉलचं दुकान यांच्या मधे एक पत्रा आहे. त्यामुळे त्याच्याकडे काय चालतं ते मला ऐकावं लागतं. मी कान लावत नाही. पत्राच पातळ आहे.

इकबालकडे देवांच्या तसबिरी येतात, कुराणातल्या आयती येतात, लग्नाचे फोटो येतात. आणि मे महिना लागला, की निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं येतात. काच बसवण्याआधी तो प्रत्येक मानपत्र वाचतो आणि आवडलेली वाक्यं दोनशेपानी वहीत उतरवून घेतो. अकरा वर्षं हे चाललंय. सुरुवात कुणी कशी केली, विशेषणं किती घातली, शुभेच्छा कुठे आल्या, सगळं कप्पे करून. विचारलं तर म्हणतो, अभ्यास आहे. या अभ्यासापायी एकदा त्याने बायकोकडे, लैलाकडे, चहासुद्धा 'आपल्या करकमलांनी' मागितला. ती म्हणाली, कप तुमच्या करकमलांनी धुऊन ठेवा.

तर यंदा शाळेतल्या विठाबाई निवृत्त व्हायच्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी झाडलोट केली, घंटा दिली. लिहिता येतं ते सहीपुरतं. दरवर्षी मानपत्र लिहिणारे गुरुजी नेमके मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी. मुख्याध्यापिकाबाई फक्त फ्रेमचं माप सांगायला आल्या होत्या, आणि इकबाल बोलून बसला, मी लिहितो की. तो त्याच शाळेचा. मळवलीहून लोकलने यायचा तेव्हापासून विठाबाई त्याच्या मावशी. आता त्यांच्यासाठी आयुष्यातलं पहिलं मानपत्र लिहायचं, शनिवारी भर समारंभात उभं राहून वाचायचं. मावशींना पुन्हा कुणी मानपत्र देणार नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं. गडी जेवेना.

बुधवारी त्याने मला मजकूर ऐकवला. 'सेवाव्रती, मितभाषी, चंदनासम झिजणाऱ्या, अखंड कार्यरत...' विठाबाईंचं नाव यायच्या आधी नऊ विशेषणं झाली. मी कागद मागून घेतला आणि नावाच्या जागी माझं पिकोचं मशीन घालून तेच वाचून दाखवलं. अखंड कार्यरत, बरोबर. झिजलेलं, बरोबर. मितभाषी तेवढं बसेना, कारण ते खडखडतं.

लैला हसून हसून स्टुलावर बसली. इकबाल हसला नाही. "अकरा वर्षांची वही आहे ही, वहिनी," एवढंच म्हणाला. मला वाईट वाटलं. फार नाही, पण वाटलं.

म्हणून गुरुवारी मीच समेटाचा चहा घेऊन गेले. तेवढ्यात कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला मारुती आपली फ्रेम न्यायला आला. त्याचंही मानपत्र विशेषणांनी गच्च. पण वरच्या चार ओळींवरून त्याची नजर नुसती घसरत गेली आणि बोट खाली एका ओळीवर टेकलं. तिथे लिहिलं होतं, 'मशीन बंद पडलं की मारुतीभाऊ पाना नंतर घेत, आधी मशीनला कान लावत.'

"हे कुणी बघितलं असंल?" मारुती म्हणाला. दोनदा म्हणाला.

कागदात गुंडाळण्याआधी इकबालने बोटाचा डाग पुसायला फडकं उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. मारुती गेल्यावर तो मला म्हणाला, "अकरा वर्षं मी काचा पुसतोय, वहिनी. विशेषणांवर कधी डाग पडलाच नाही."

मग वही उघडून बसला. डाग पडणाऱ्या ओळींपैकी एकही तिच्यात नव्हती. साधी वाटली म्हणून त्याने त्या घेतल्याच नव्हत्या.

शनिवारी त्याचं मानपत्र पाच ओळींचं निघालं. मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं, दुसरा कागद विसरला. चौथी ओळ त्याने सावकाश वाचली: 'मळवलीहून लोकलने येणारा मी पाच वर्षांत एकदाही शाळेत उशिरा पोचलो नाही, कारण लोकल स्टेशनात शिरल्याशिवाय विठामावशी घंटेला हात लावत नसत.'

मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा विठाबाईंकडे. विठाबाईंनी पदर तोंडाशी धरला. मागच्या रांगेत कामशेत-मळवलीकडची मोठी झालेली पोरं बसली होती, तिथून पहिली टाळी पडली, आणि मग सगळ्या मंडपाने टाळ्या वाजवल्या.

फ्रेम हातात आल्यावर विठाबाईंनी इकबालला जवळ बोलावलं. "ते घंटंचं कुटं लिवलंय रं?"

त्याने ओळ दाखवली. त्यांनी तिथे बोट टेकलं आणि उचलेनात. म्हणाल्या, "मला वाटलं, कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई."

फडकं इकबालच्या खांद्यावरच होतं. सवयीने हात तिथवर गेला आणि खाली आला.

आता इकबालसाहेबांनी नवी वही घातली आहे. मानपत्रं अजून वाचतो, पण उतरवून घेतो दुसरंच काही. परवा मला विचारत होता, वहिनी, तुम्ही निवृत्त कधी होणार? मी म्हटलं, का, माझ्यावर काय लिहिणार आहेस? तो नुसता मधल्या पत्र्याकडे बघून हसला.