तीन महिन्यांची साखर

छत्तीसगड राज्य व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी प्लांटात क्रेनवर होतो. वितळलेल्या पोलादाची भली मोठी बादली, आम्ही तिला लेडल म्हणतो, ती उचलून न्यायची. शाळा चौथीपर्यंतच, पण क्रेनवर माझा हात धरणारा कोणी नव्हता.

प्लांटच्या मेडिकल तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा जास्त निघाला. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्यांदा असाच आला तर गोळ्या सुरू, अन् क्रेन बंद. मी गावाकडची परीक्षा केली, साखर असली की लघवीला मुंग्या लागतात म्हणतात. चार दिवस क्वार्टरमागे ठरलेल्या जागी लघवी केली, एक मुंगी फिरकली नाही. ते डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. सगळी लाईन हसली.

घरी बायको म्हणाली, "अवो, मुंग्यायचं सर्टिफिकेट चालते काय तिथं?" अन् मला ओढतच जवळच्या सुपेला वस्तीतल्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली.

बाई माझ्या पोरीच्या वयाची. तिनं पापणी उलटून पाहिली, नखं पाहिली, काम काय ते विचारलं. मग कुठून रक्त जाते का, म्हणाली. मी नाही म्हणून मोकळा झालो. चार वर्षांपासून मूळव्याधीचं रक्त जात होतं, बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाईनं पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं.

तपासणीत रक्त कमी निघालं, लोह कमी, बी-बारा कमी. उपाशीपोटीची अन् जेवणानंतरची साखर मात्र ठीक.

"काका," ती म्हणाली, "लेडल जास्त दिवस वापरली की तिला मळी जास्त चिकटते ना? तुमचं नवीन रक्त पुरेसं बनत नाही, जुनंच फिरून राहिलं. त्याले साखर जास्त चिकटली, म्हणून आकडा वाढला. आधी रक्त भरून येऊ द्या."

तसं तिनं प्लांटच्या डॉक्टरांना लिहून दिलं. ज्यांच्याशी मी वाद घातला, त्यांनीही मोठ्या मनानं मुदत दिली. मूळव्याधीचा इलाज झाला, लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनं झाली. काही महिन्यांनी आकडा आपोआप खाली आला.

साखर नाही हे माझं खरं निघालं, पण त्यात माझी हुशारी काही नव्हती. बाई भेटली नसती तर मी साखरेच्या गोळ्या खात बसलो असतो, अन् रक्त जातच राहिलं असतं.

इलाजाची सुट्टी संपवून पुन्हा ड्युटीवर गेलो त्या दिवशी क्रेनच्या केबिनपर्यंतचा जिना एका दमात चढलो. आधी तीन जागी थांबावं लागे. ते मी वयावर ढकलत होतो.