मामानं वाचलेली आई

भात असो, वर्तमानपत्र असो की पुढाऱ्याचं भाषण, पुंडलिकमामाचा निकाल एका शब्दात यायचा: शिजला, नाहीतर कच्चा. कोहमाऱ्याच्या नाक्यावर त्याचा ढाबा होता. गल्ल्यावर बसून तो हाती पडेल ते मोठ्यानं वाचायचा आणि मध्येच ट्रकवाल्यांना सांगायचा, "बातमी कच्ची हाय भाऊ, सोडा." मामाला जाऊन आता वर्ष होईल.

माझ्या लहानपणावर आणि आईवर मी लिहिलेलं पुस्तक निघालं, तेव्हा मला धास्ती होती ती या एकाच वाचकाची. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात आणि भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. एका वर्षी मामा आलाच नाही. आई दिवसभर दारात बसली आणि शेवटी नवं लुगडं घडी करून तिनं पेटीत ठेवलं, एक शब्द न बोलता. मी ते जसंच्या तसं लिहिलं होतं. आई गेल्यावर हक्काचं माणूस म्हणजे हाच एक मामा. तो तुटला असता, तर मला कोणी उरलं नसतं.

मामीचा फोन आला, "पुस्तक वाचून झाला त्याईचा. बलावून राहिले तुले." मी कुडव्याच्या घरून निघाले.

मामानं आधी जेवू घातलं. मग म्हणाला, "नाही आलो, ते खरं लिवलीस. नाटकात हवालदाराचा पार्ट भेटला होता. तालमीच्या नादात बहीनच भुललो. शरम हाय मले त्याची." मी काही बोलणार, तोच त्यानं हात वर केला. "पन माय कच्ची राह्यली तुही. गरीब गाय करून ठेवलीस तिले. पुढच्या सालचा काऊन नाही लिवलीस?"

"पुढच्या वर्षी काय झालं?" मला खरंच माहीत नव्हतं. तेव्हा मी गोवर येऊन आजीजवळ घरी होते.

"एकटीच आली बसनं. मी पानठेल्यावर दोस्तांत उभा. सरळ आली अन् म्हनते, 'हवालदारसाहेब, एक बहीन हरवली हाय. रपोट लिवून घेता का?' पुरी मंडई हासली. मंग दिवसभर तिची थैली धरून मांगं मांगं फिरलो. जो भेटे तो पुसे, सापडली का बहीन?"

सांगताना मामा डोळे पुसत हसत होता. इतकी वर्षं मी समजत होते, आईनं तो दिवस मुकाट गिळला. मला फार, फार हलकं वाटलं. परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हटलं, "काही नाही, आईची आठवण आली."