एकदाच घालायचा झगा

चर्चच्या हॉलमागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या साचतात ना, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साचलेत. कोणी फेकत नाही, कोणी दुरुस्त करत नाही. नुसते एकावर एक!

ग्रुप म्हणजे परळच्या आमच्या चर्चमधली आठ म्हातारी माणसं. असिसीच्या संत फ्रान्सिससारखं, पण घरसंसारात राहून जगणार असं वचन दिलेली. साधं राहायचं, 'माझं-माझं' करायचं नाही, गरिबाला आधी. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की मीटिंग. मी त्यांच्या मदतीला जाणारी, दुसऱ्या वर्षाला नर्सिंग सोडलेली. त्यामुळे मला 'वाया गेलेली' म्हणायचं आणि लगेच बीपी बघायला दंड पुढे करायचा, हा यांचा साधेपणा!

एकदा फ्रान्सिसची गोष्ट चालली होती. बापाचं कापडाचं मोठं दुकान. पोरगा सगळं सोडून निघाला, अंगावरचे कपडेसुद्धा भरचौकात बापाला परत दिले.

मी म्हटलं, "म्हणजे ड्रॉपआउटच की!"

हसली ती एकटी अ‍ॅग्नेस आंटी. "बरोबर. पण घर सोडल्यावर त्याने पडकं चर्च बांधायला घेतलं. तू काय बांधतेयस, सिंथिया?"

"बीपीचा पट्टा," मी म्हटलं.

* * *

या मंडळींना पुरताना फ्रान्सिससारखा तपकिरी झगा घालतात, कमरेला तीन गाठींची पांढरी दोरी, एकेक गाठ एकेका वचनाची. प्रत्येकाचा झगा आधीच शिवून घरच्या पेटीत तयार! आठही झगे अ‍ॅग्नेस आंटीने शिवलेले, घोडपदेवच्या चाळीतल्या तिच्या खोलीत. नवरा कधीच गेला, मूल नाही. "जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवले," ती म्हणायची. "स्वतःसाठी मनापासून शिवला तो हा एकच. त्यातच जायचं." एवढी एकच इच्छा तिची.

कापड घ्यायला ती हिंदमाताला गेली होती. दुकानदाराला म्हणाली, "एकदाच घालायचंय." त्याने लगेच शेरवानीचं जरीचं कापड उलगडलं. "नवरदेवाचं माप?"

"नवरदेव मीच! ते तपकिरी काढा, सगळ्यात स्वस्त."

"आंटी, त्याची गॅरंटी नाय हां."

"दोन दिवस टिकलं तरी पुरे!"

* * *

जोकीम अंकल. बँकेतून रिटायर्ड, दादरला फ्लॅट, ग्रुपचे प्रेसिडेंट. हॉलमधल्या आपल्या खुर्चीवर मार्करने नाव लिहिलेलं. प्रार्थनेचं पुस्तक विसरलात? शेजारी बसून ऐका, ते पुस्तक सरकवणार नाहीत. फ्रान्सिसने अंगावरचे कपडे दिले, आमचे प्रेसिडेंट पेन देत नाहीत!

डॉक्टर बारा वर्षं सांगत होता, शुगर वाढलीय, चाला. ऐकतील तर शपथ. मग एका वर्षी त्यांनी झगा घालून बघितला, तर पोटावर बसेना. गेले अ‍ॅग्नेस आंटीकडे. "शिलाई जरा सैल कर गे."

"एक टाका उसवणार नाय. वचन गरिबीचं आणि पोट सावकाराचं? कमी कर ते!"

दुसऱ्या दिवसापासून अंकल शिवाजी पार्कला. तीन फेऱ्यांत एक जपमाळ पुरी. चार महिन्यांत झगा बसला, शुगर उतरली. डॉक्टरला वाटतं त्याच्या गोळ्यांनी!

* * *

गेल्या डिसेंबरात अ‍ॅग्नेस आंटीच्या डॉक्टरने हात टेकले. पोटातला कॅन्सर सगळीकडे पसरला होता. आंटी रडली नाही. रविवारी पिशवीत झगा घालून मिस्सेला आली, फादरकडून त्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. मग आम्ही नेहमीसारखे मोठ्या हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर चहा वाटायला गेलो. तिथे बाहेरगावचे पेशंट महिनोन्‌महिने राहतात.

जळगावकडचा एक माणूस केमो घेऊन आलेला, भर उन्हात कुडकुडत होता. बायकोने साडी गुंडाळली, तरी थांबेना.

आंटीने पिशवीतून झगा काढला आणि त्याच्या डोक्यावरून घातला.

मी ओरडले, "आंटी! डोकं फिरलंय का? तो तुझा आहे!"

"तो जिता आहे ना? मग थंडी त्याला वाजते. मला कुठे वाजणार?"

बायकोने दोरी हातात धरून विचारलं, "माय, ही कशाला?"

गाठींचा अर्थ सांगायला आंटीला अर्धा तास पुरत नाही एरवी. "कमरेला बांध," ती म्हणाली. "वारा आत शिरत नाय."

राग माझ्या नेहमी हाताशी असतो. त्या दिवशी शोधला, सापडला नाही.

* * *

पुढच्या रविवारी सापडला! ग्रुपने यावर खास मीटिंग घेतली. आशीर्वादित झगा परधर्मीयाला चालतो का? चाळीस मिनिटं! जोकीम अंकल म्हणाले, "नियमात बसत नाही." आंटीची बोटं आधीच्या केमोने बधिर, दुसरा झगा तिच्याच्याने शिवून होणार नव्हता. टेलरकडे टाकायचा तर कापड कोण आणणार, यावर चहा आला. एकाच्याही तोंडून 'माझा घे' निघालं नाही. मी म्हटलं, "सात झगे, सात पेट्या, सात कुलपं! फ्रान्सिस बघतोय हां वरून!" आणि दार आपटून निघून आले.

* * *

जानेवारीत आंटी अंथरुणाला खिळली. मी रोज जायचे, अंग पुसून द्यायला. एका सकाळी दारात जोकीम अंकल. तीन जिने चढून धापा टाकत, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी उघडून स्वतःचा झगा आंटीच्या पायांवर पसरला. कॉलरच्या आत मार्करने नाव: जोकीम.

त्यात आता दोन अ‍ॅग्नेस मावल्या असत्या.

आंटी कापडावरून हात फिरवत राहिली. "ढगळ होईल रे, जोकी."

"होऊ दे."

"आणि तू काय घालशील?"

अंकलनी घसा खाकरला. प्रेसिडेंटचा आवाज काढायला गेले, तो फाटला. "उसना देतोय हां, अ‍ॅग्नेस. दिला नाय. परत पायजे मला."

आंटीने डोळे मिटले. हसत होती.

"ये मग न्यायला," ती म्हणाली. "इस्त्री करून ठेवते."